मोटारीनें दिलेला धडा

'चोर सोडून संन्याशाला सुळीं देणें' ही म्हण या शाळेंत असतांना मीं अनेक वेळां वाक्यांत योजून दाखविली होती. परंतु तिचा खरा अर्थ मला पुढें एका जुन्या मोटारीनें शिकविला.

नोकरीनिमित्त मी अमेरिकेंत कॅलिफोर्निया प्रांतांत राहतों. तेथें १९९१ सालची एक वेगवान मोटार मीं हौसेनें विकत घेतली. पूर्वीच्या मोटारींत पेट्रोल व हवा यांचें मिश्रण कार्बुरेटर करीत असे. बॉश कंपनीनें १९६७ सालीं विजेच्या नियंत्रणानें पेट्रोल देणारी यंत्रणा प्रचारांत आणिली आणि १९७९ सालीं पेट्रोल व ठिणगी हीं दोन्हीं एकाच लहानशा संगणकाच्या स्वाधीन केलीं. माझ्या गाडींतही असाच संगणक होता. परंतु नव्या गाड्यांना एकाच पद्धतीची तपासणी-जोडणी असावी हा अमेरिकेंतील नियम १९९६ सालचा. त्यामुळें माझ्या गाडीचें दुखणें मुक्या जनावराच्या दुखण्यासारखें होतें.

तें दुखणेंही चमत्कारिक. सकाळीं गाडी निमूटपणें चालू होई. दुपारीं तासभर उन्हांत उभी राहिली, कीं स्टार्टर फिरे. पण इंजिन चालू होईना. सायंकाळीं पुन्हां जणूं कांहीं घडलेंच नाहीं! मीं स्पार्क प्लग बदलले, तारा बदलल्या, शेवटीं महागडा संगणकही बदलला. गुण येईना.

तेव्हां माझी दृष्टि मुलाकडे वळली. पंधरा वर्षांच्या त्या पोरानें महिन्यापूर्वीं गाडींत स्वतःच्या हातानें रेडिओ बसविला होता. "तूंच कोठेंतरी तार बिघडविलीस," असें मी त्याला शेजाऱ्यांदेखत बोललों. तो एवढेंच म्हणाला, "बाबा, एकदां मीटर लावून पाहूं या ना." मीं ऐकलें नाहीं. त्या दिवसापासून तो गाडीजवळ फिरकेनासा झाला.

पुढल्या रविवारीं भर दुपारीं गाडी पुन्हां अडली. किल्ली फिरवितांच मागील बाजूस पेट्रोलचा पंप दोनएक सेकंद गुणगुणतो. ती गुणगुण आज नव्हती. इतके दिवस भाग बदलण्याच्या घाईंत मीं कान देऊन ऐकलेंच नव्हतें. मुकाट्यानें मीटर आणिला. पंपाला वीज देणाऱ्या रिलेच्या आंत येणाऱ्या टोंकावर १२ व्होल्ट होते, संगणकाची आज्ञाही पोंचत होती. बाहेर जाणाऱ्या टोंकावर मात्र शून्य! रेडिओच्या तारेचा येथें कांहींच संबंध नव्हता.

मीं मुलाला हाक मारली. रिलेची डबी उघडून त्यानें ती भिंगाखालीं धरली आणि एका डाखाभोंवतीं केसासारखी बारीक चीर मला दाखविली. वर्षानुवर्षें उष्णतेनें प्रसरण व गारव्यानें आकुंचन पावून तो डाख तडकला होता. ऊन लागलें कीं चीर फांके, थंडावा आला कीं जुळे. जुना डाख काढून आम्हीं नवा दिला. त्या उन्हाळ्यांत गाडी पुन्हां अडली नाहीं.

चार पैशांच्या डाखानें गाडी बरी झाली. पण दुखावलेल्या मनाला असा डाख मिळत नाहीं. मीं त्याच शेजाऱ्यांसमोर मुलाची क्षमा मागितली. तो लाजला, हंसला आणि म्हणाला, "आतां रेडिओ लावूं का?"

विद्यार्थिमित्रांनो, यंत्र असो वा मनुष्य, दोष ठरविण्यापूर्वीं तपासून पहावें. आणि पालकहो, आपलीं मुलें 'मीटर लावून पाहूं या' म्हणतील, तेव्हां त्यांचें अवश्य ऐकावें.