दरेकशाच्या पाचोळ्यात

शनिवार, दरेकसा
गोंदियाहून पॅसेंजर पकडली. आमगाव, सालेकसा मागे पडलं की रूळ डोंगरात शिरतात. डब्यातली पोरं हाजरा फॉलला निघालेली. मार्चात धार कसली असणार, पण त्यांचा विरस कशाला करा! आम्ही पाचोळा चाळायला चाललोय हे ऐकल्यावर मात्र तीच आमच्याकडे कीव आल्यासारखी बघत राहिली.

रविवार
साग पूर्ण निष्पर्ण. उघड्या माळावरचा पाचोळा पापडासारखा कडकडीत, त्यात काही नाही. नाल्याच्या काठी, बांबूच्या बेटाखाली थोडी ओल होती. कीटकशास्त्र शिकणाऱ्या मित्राने मूठ-मूठ पाला चाळणीत घेतला आणि पांढऱ्या कापडावर हलवला. मुंग्या, गोम, माती. मग एक मातकट कण. भिंगाखाली त्याला सोंड फुटली! सोंडकिडाच, जेमतेम तीन मिलिमीटरचा. स्पर्श होताच पाय पोटाशी घेऊन मेल्याचं सोंग. बऱ्याच वेळाने सोंडेवरच्या कोपरासारख्या वाकलेल्या मिशा हलल्या.

“नवीन असेल का रे?” मी हावरटासारखं विचारलं. तो नुसता हसला. गोळा करायची परवानगी आमच्याकडे नव्हती. फोटो काढून सोडून दिला.

सोमवार
पायांना विश्रांती, म्हणून त्या हसण्याचा अर्थ विचारून घेतला. फोटोवरून सोंडकिड्यांची जात क्वचितच ठरते. नराचं जननांग काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं, कीटकशास्त्रज्ञ गाय मार्शलच्या 1916 च्या ग्रंथापासून आजवरची वर्णनं आणि संग्रहालयांतले मूळ नमुने ताडायचे. हा जुन्यांपैकी कोणीच नाही, हे सिद्ध करण्यातच वर्षं जातात. मग एक नमुना ‘होलोटाइप’ ठरवून संग्रहालयात ठेवायचा आणि वर्णन छापायचं.

याला वेग देता येतो, हे कीटकशास्त्रज्ञ अलेक्झांडर रीडेल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. डीएनए, फोटो आणि नेमकं वर्णन यांच्या जोरावर 2013 मध्ये न्यू गिनीतले ‘ट्रायगोनॉप्टेरस’ वंशातले 101 नवे सोंडकिडे त्यांनी एकदम जाहीर केले. नावं पुरेनात, तेव्हा पापुआ न्यू गिनीची टेलिफोन डिरेक्टरी उघडली! या किड्यांना उडता येत नाही, म्हणून डोंगरागणिक जात निराळी.

मंगळवार
मोह गळू लागलाय. झाडाखाली काळी राख, राखेवर पिवळसर फुलं. वेचणारी बाई म्हणाली, “पाला राहिला त फूल दिसत नाही, भाऊ. काडी लावली का मोकळं होते.” तिचं खोटं नाही, पहाटे येऊन टोपली भरायची, त्यावर घर चालतं. पण उडता न येणारा किडा त्या जाळातून जाणार कुठे? वाघासाठी नवेगाव-नागझिऱ्याला गाड्या धावतात. पाचोळ्यातलं काय जळलं, याची नोंद ठेवायला कोणी येत नाही.

मोहाखाली जाळी किंवा जुनी लुगडी अंथरली तरी फुलं गोळा होतात, काडी लावावी लागत नाही. वनखात्याने आणि ग्रामसभांनी पुढच्या हंगामाआधी अशा जाळ्या वाटाव्यात. वाचकांपैकी कुणाच्या बांधावर मोह असेल, तर त्यांनी यंदापासूनच सुरुवात करावी.