तगरनगरीत एक दिवस

गेल्या फाल्गुनात आम्ही चौघे स्नेही धाराशिवहून तेरला गेलो. तुळजापूरचा यात्रेकरू बहुधा नळदुर्ग पाहून परततो. तेरचे नाव काढले तर 'गोरोबाकाकांची समाधी' एवढेच उत्तर मिळते. ते खोटे नव्हे, पण अपुरे खास. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासवर्णनात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर 'तगर' नावाचे मोठे शहर असल्याचा उल्लेख आहे. तेथील कापड गाड्यांतून भडोच बंदरी जाई. पुढे शिलाहार राजे कोकणात व कोल्हापुरात नांदत असतानाही स्वतःस 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवीत. हे तगर म्हणजे कोणी देवगिरी मानी, कोणी जुन्नर. १९०१ मध्ये फ्लीटसाहेबांनी ते तेरच होय असे प्रतिपादिले.

एवढी कीर्ती मनात घेऊन जावे, तो तेरणेकाठी साधे खेडे दिसते. तट नाही, बुरूज नाही. हे शहर मातीचे होते, आणि मातीतच निजले आहे. अपवाद त्रिविक्रमाच्या देवळाचा. त्याचा मागील भाग हत्तीच्या पाठीसारखा गोल, व सारे काम विटांचे. कझिन्ससाहेबांच्या मते हे मूळचे बौद्ध चैत्यगृह. आज आत पाय उचललेला विष्णू उभा आहे. देव पालटला म्हणूनच वास्तू वाचली, असे आमचे वकीलमित्र म्हणाले. मला ते पटले. पूजा चालू राहिली की डागडुजीही चालू राहते.

येथील काही जुन्या विटा पाण्यावर तरंगतात! आमच्यातील इंजिनिअरांनी उलगडा केला, की मातीत कालवलेला कोंडा भट्टीत जळून जातो, वीट सच्छिद्र होते व शिखराचा भार हलका होतो. कारागिराचे नाव मात्र कोठेही नाही.

दुपारी लामतुरे वस्तुसंग्रहालय पाहिले. रामलिंगप्पा लामतुरे यांनी टेकाडांवरील व शेतांतील मणी, खापरे, मृण्मूर्ती आयुष्यभर वेचल्या. त्यांचाच हा संग्रह. त्यांतील वीतभरही नसलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती पाहून आम्ही स्तब्ध झालो. हिच्याशी साम्य असलेली मूर्ती १९३८ मध्ये इटलीतील पाँपेई येथे सापडली, आणि ते शहर तर इ. स. ७९ मध्येच ज्वालामुखीच्या राखेखाली गडप झालेले! मराठवाड्यात माळवदावर टाकण्यास जुन्या पांढरीची माती नेण्याची चाल आहे. त्या मातीबरोबर असे किती धन छपरांवर चढले असेल, कोण जाणे. मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी हे दालन घाईने पाहू नये.

सायंकाळी गोरोबांच्या समाधीपाशी बसलो. संतांच्या मस्तकांवर थापटणे मारून नामदेवांस कच्चे मडके ठरविणारा हा कुंभार याच मातीतला. पलीकडच्या शेतात नांगरट चालली होती, आणि फाळामागे तांबड्या खापऱ्या वर येत होत्या.