चाकावरचा भार

शक्ती पुष्कळ असली म्हणजे गती आपोआप येते, असा एक समज आपल्या मनात घर करून असतो. तो किती अपुरा आहे हे पाहायचे असेल, तर अमेरिकेतील 'ड्रॅग रेस' या शर्यतीकडे पाहावे. पाव मैलाचा, म्हणजे सुमारे ४०२ मीटरांचा सरळ मार्ग, शेजारी शेजारी उभ्या दोन मोटारी आणि मध्ये दिव्यांचा एक खांब. १९६३ साली वापरात आलेल्या या खांबाला तेथील लोक चक्क 'ख्रिसमस ट्री' म्हणतात! त्यावर हिरवा दिवा उजळला, की दहा-पंधरा सेकंदांत सारा खेळ आटोपतो. पहिल्या ६० फुटांना लागलेला वेळ तेथे वेगळा मोजतात, कारण तेथे जे हातचे गेले ते पुढे भरून निघणे कठीण.

आमचा एक भाचा मिशिगन राज्यात नोकरीला आहे. त्याने १९६९ सालची शेव्हर्ले शेव्हेल ही जुनी मोटार हौसेने घेतली. १९६४ साली पॉन्टियाक कंपनीने मध्यम आकाराच्या गाडीत ३८९ घन इंचांचे दांडगे इंजिन बसवून 'जीटीओ' बाजारात आणली आणि 'मसल कार' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गाड्यांची लाट उसळली. शेव्हेल त्याच घराण्यातली. इकडे वसईत आमची बहीण त्याच्या काळजीने रोझरीचे मणी ओढते. "तू मामा आहेस, तूच त्याला समजाव," असे तिने आम्हांला बजावले. आम्ही फोन केला, तर भाचा म्हणाला, "मामा, काळजी कसली करता? गाडी जागची हलली तर ना! मागची चाके नुसती गरगरतात, धूर निघतो आणि शेजारची साधी गाडी पुढे निघून जाते."

उपदेश बाजूला राहिला आणि आम्ही कारण विचारू लागलो. ते साधे आहे. अवजड इंजिन पुढे आणि गाडी ढकलणारी चाके मागे. जमिनीची पकड चाकावरील भारावर अवलंबून असते. समजा, गाडी १६०० किलोंची आहे आणि तिचा ४५ टक्के भार मागे आहे, म्हणजे ७२० किलो. गाडीने झेप घेतली की काही भार मागे सरकतो. गुरुत्वाच्या निम्म्या प्रवेगाने गाडी सुटली, तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून २२ इंच उंच असला आणि पुढच्या-मागच्या चाकांतील अंतर शेव्हेलप्रमाणे ११२ इंच असले, तर सुमारे १५७ किलो भार मागे जातो. बैलगाडीत मागे माल अधिक झाला की ती उलार होते. गाडीवान ते टाळतो. ड्रॅग रेसवाला मात्र तेच मागतो. फक्त बेताने, कारण अति झाले तर पुढची चाके हवेत उचलली जातात.

मग भाच्याने इंजिनाला हातही न लावता कामाला सुरुवात केली. बॅटरी पुढून काढून मागच्या डिकीत, उजव्या चाकाच्या बाजूला बसवली. पुढे असे शॉक ॲब्सॉर्बर लावले, की गाडीचे नाक चटकन वर उठावे आणि सावकाश खाली यावे. मागचा आस धरून ठेवणारे पत्र्याचे दांडे जोराने पिळवटत. त्यांच्या जागी भक्कम, चारी बाजूंनी बंद दांडे आले आणि झिजलेले रबरी बुश बदलले गेले. इंजिनाच्या पिळाने उजव्या मागच्या चाकावरचा भार हलका होतो. त्यासाठी तेथील स्प्रिंगमध्ये हवेची पिशवी बसवली. पावसाळ्यात चिखलात फसलेल्या जीपचे एक चाक भिरभिरते आणि दुसरे ढिम्म राहते, हे आपण पाहिलेले आहे. ते टाळण्यासाठी दोन्ही चाकांना जोर पोहोचवणारे 'पॉझिट्रॅक्शन' डिफरन्शियल आले. शेवटी मऊ रबराचे रुंद टायर. त्यांतील हवा थोडी कमी ठेवली की ते जमिनीला अधिक बिलगतात. शर्यतीपूर्वी चाके पाण्यात भिजवून जागीच फिरवतात. त्या उष्णतेने रबर चिकट होते.

शक्ती तीच राहिली, पण गाडी आता सुटू लागली. 'शक्तीपेक्षा युक्ती श्रेष्ठ' असे आपले पूर्वज म्हणत, ते उगाच नव्हे.

परंतु आमच्या बहिणीच्या काळजीचे उत्तर या यंत्रविद्येत नव्हते. ते त्या खेळाच्या इतिहासात सापडले. पूर्वी अमेरिकन तरुण ही चढाओढ भर रस्त्यावर करीत आणि त्यात जीव जात. १९५१ साली वॉली पार्क्स यांनी 'नॅशनल हॉट रॉड असोसिएशन' स्थापन केली, ती ही शर्यत रस्त्यावरून उचलून नियमांच्या कक्षेत आणण्यासाठी. १९५३ साली त्या संस्थेची पहिली अधिकृत शर्यत झाली, ती कॅलिफोर्नियातील पोमोना येथे, जत्रेच्या मैदानाच्या वाहनतळावर! आमचा भाचाही अशाच मैदानावर जातो. तेथे गाडीची तपासणी होते, शिरस्त्राण घालावे लागते, रुग्णवाहिका उभी असते. बहिणीला हे सांगितले. तिने रोझरी सोडली नाही, पण तिचा श्वास हलका झाला.

आपल्या धर्मग्रामांतही मोटारसायकलवरून वाऱ्याशी स्पर्धा करणारी मुले आहेत. त्यांतील काहींच्या शवपेटीमागून आपण चाललो आहोत. मिस्सेतील प्रवचनात त्यांना दटावले जाते, घरी बोलणी बसतात. संत पौलानेही श्रद्धेच्या जीवनाला धावण्याच्या शर्यतीची उपमा दिली आहे. धावण्याची ओढ पाप नव्हे. इंजिन त्यांच्याकडे देवाने दिलेले आहेच. त्यांना हवे आहे एखादे मैदान, कोणी जाणता शिकवणारा आणि जबाबदारीचा थोडा भार. तरुणपणी तो भार अडचण वाटतो. पण भार नसलेले चाक जागच्या जागी फिरते आणि धूर तेवढा काढते. मैदान मोकळे करून देणे हे मात्र आपणा वडीलधाऱ्यांचे काम आहे.