फ्लॅट बघितलात, शेजार बघितलात?

"सर, मास्टर बेडरूमला बाल्कनी, मॉड्युलर किचन, खाली पूल, जिम, क्लब हाऊस... आणि नेबरहुड एकदम फ्रेंडली!"

बाणेरमधल्या बाराव्या मजल्यावरच्या रिकाम्या हॉलमध्ये उभं राहून एजंट हे सांगत होता. मी विचारलं, "फ्रेंडली म्हणजे कसं?" तो जरा गडबडला. मग म्हणाला, "सर, सगळे आयटीतलेच आहेत ना!"

घ्या! म्हणजे सगळे माझ्यासारखेच. सकाळी आठला बाहेर, रात्री नऊला आत आणि वीकेंडला झोप. खरं सांगायचं तर याच उत्तराने मी घाबरलो.

कारण एकदा हात पोळले होते. 2022 मध्ये आम्ही डोंबिवलीचं जुनं घर बंद करून मुंबईच्या एका उच्चभ्रू उपनगरातल्या टॉवरमध्ये भाड्याने राहायला गेलो. नाव सांगत नाही. लॉबी अशी, की पाहुणे चपला काढायच्या का विचारायचे. सात महिने मजेत गेले. मग एका मंगळवारी दुपारी आई बाथरूममध्ये घसरली. मी आणि बायको ऑफिसात, लेक शाळेत. आई तीन तास फरशीवर पडून हाका मारत होती. संध्याकाळी शेजारचे गृहस्थ अगदी ओशाळून म्हणाले, "आवाज आला होता हो, पण वाटलं कुणाकडे तरी फर्निचरचं काम चाललंय."

मला त्यांचा भयंकर राग आला. रात्री हॉस्पिटलच्या बाकड्यावर बसलो असताना लक्षात आलं, की सात महिन्यांत मी तरी त्यांची बेल कधी वाजवली होती? त्यांचं आडनावसुद्धा मला पाटीवर वाचून माहीत होतं.

आईचं हाड नशिबाने वाचलं. आम्ही मुकाट डोंबिवलीला परतलो.

पैसा आला, शेजार गेला?

गेल्या वर्षी ऑफिस हिंजवडीला हलवलं, तेव्हा पुन्हा तोच प्रश्न. या वेळी बिऱ्हाड चौघांचं: मी, बायको, दुसरीतली लेक आणि 68 वर्षांची आई. आईची डोंबिवलीत चाळीस वर्षं गेलेली. गुढीपाडव्याची नववर्ष स्वागतयात्रा 1999 साली डोंबिवलीत सुरू झाली, तेव्हापासून कोविडची वर्षं सोडली तर बाईंनी एकही चुकवलेली नाही. दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर तिला चार पावलं चालायला अर्धा तास लागतो, इतकी माणसं ओळखीची!

आता डोंबिवलीची माणसं काही जन्मतः प्रेमळ नाहीत. मीही तिथलाच आहे. पण तिथे शेजाऱ्याशिवाय चालतच नाही. पाणी गेलं की बादली मागायची, किल्ली समोर ठेवायची, कुकर गॅसवर असेल तर "तीन शिट्ट्या झाल्या की बंद कर गं" म्हणून भाजीला जायचं. श्रीमंत उपनगरात यातलं काहीच लागत नाही. पाणी चोवीस तास, किराणा दहा मिनिटांत दारात, बेसमेंटमधून लिफ्ट थेट आपल्या मजल्यावर. माणूस भेटायला कारणच उरत नाही. तिथली माणसं वाईट नसतात. त्यांना एकमेकांची गरज पडू नये अशीच ती घरं बांधलेली असतात. त्यासाठीच तर आपण जास्त पैसे मोजतो!

मग बघायचं काय, तर गरजेच्या जागा कुठे शिल्लक आहेत ते.

चार चकरा, चार वेळा

आम्ही पुण्याचं कोरेगाव पार्क, औंध आणि बाणेर-बालेवाडी बघायचं ठरवलं. नियम एकच. एजंटबरोबर एकदा, त्याच्याशिवाय चारदा: कामाच्या दिवशी संध्याकाळी सातला, शनिवारी सकाळी, रविवारी भरदुपारी आणि एकदा धो-धो पावसात.

कोरेगाव पार्कच्या गल्ल्या म्हणजे प्रेमात पडावं अशा. वडाची झाडं, सावली, जुने बंगले. शनिवारी सकाळी तासभर हिंडलो. भेटले ते ड्रायव्हर, माळी आणि कुत्री फिरवणारी पोरं. त्या कुत्र्यांचे मालक दिसले नाहीत. आई म्हणाली, "छान आहे रे, पण बोलायचं कुणाशी?"

औंध जुनं, मुरलेलं. परिहार चौकाच्या आसपास पायी चालणारी माणसं दिसतात आणि फुटपाथही चालण्याजोगे. भाजीवालीपाशी दोन आज्या दहा मिनिटं बोलत उभ्या होत्या. आईने लगेच मान डोलावली. पण आम्हाला परवडेल असा तीन खोल्यांचा फ्लॅट मिळाला तो लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगमध्ये, तिसऱ्या मजल्यावर. आईच्या गुडघ्यांनी नकार दिला.

राहिलं बाणेर-बालेवाडी. ही 1997 पर्यंत महापालिकेबाहेरची गावं. बालेवाडीचं क्रीडासंकुल 1994 च्या राष्ट्रीय खेळांसाठी उभं राहिलं, तेव्हा आजूबाजूला शेतं होती. आज तिथे टॉवर. गावठाणात भैरवनाथाचं देऊळ तसंच आहे आणि तिथला पार संध्याकाळी भरलेला असतो. टॉवरमधले मात्र बहुतेक सगळे बाहेरून आलेले: नागपूर, इंदूर, कोल्हापूर, कोची. मला आधी हे वाईट वाटलं होतं. बायको म्हणाली, "अरे, सगळेच नवे असले की कुणीच उपरा नाही."

कुणाला विचाराल?

कमिटीच्या सेक्रेटरींना जरूर भेटा, पण त्याआधी गेटजवळच्या इस्त्रीवाल्याला भेटा. कुठल्या घरात कोण आजारी, कुणाचं कुणाशी पटत नाही, सगळं त्याला ठाऊक. आम्हाला एका सोसायटीबद्दल तो एवढंच म्हणाला, "साहेब, तिथे मी कपडे वॉचमनकडे देतो. वर जाऊ देत नाहीत." दुसऱ्या सोसायटीत घरकामाच्या मावशींना वेगळी लिफ्ट होती आणि बागेतल्या बाकावर बसायला मनाई. माझ्या मते फ्रेंडलीपणाची खरी परीक्षा इथेच होते. मेंटेनन्स भरणाऱ्याशी कुणीही हसून बोलेल. ज्यांच्याशी हसलं नाही तरी चालतं, त्यांच्याशी ती सोसायटी कशी वागते? उद्या भाडेकरू म्हणून तुमचा नंबर त्याच रांगेत, फक्त दोन पायऱ्या वर.

भाडेकरूवरून आठवलं. घरमालक स्वतः राहत नसेल तर सोसायटी त्याच्याकडून ना-भोगवटा शुल्क घेते. सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, हा राज्य सरकारचा 2001 चा आदेश. तुमची सोसायटी किती घेते, भाडेकरूच्या मुलांना पूल आणि क्लब हाऊस खुलं आहे का, हे आधीच विचारा. उत्तरापेक्षा उत्तर देणाऱ्याचा चेहरा बघा. वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत व्हायलाच हवी. मागच्या सभेला किती जण आले होते, हेही विचारा. भांडायला तरी माणसं जमतात ना? जिथे पार्किंगवरून कडाकडा भांडणं होतात, तिथे निदान एकमेकांची नावं माहीत असतात!

आणि मग ते विरजण

तरी मन ठरेना. शेवटी ऑफिसातला एक मित्र गावी जाणार होता, त्याच्या बालेवाडीतल्या फ्लॅटवर आम्ही शुक्रवार ते सोमवार राहिलो. शनिवारी सकाळी आई स्टीलची वाटी घेऊन निघाली. "कुठे?" "विरजण आणते."

"आई, अगं दही मागव ना, पाच मिनिटांत येईल!" तिने माझ्याकडे असं बघितलं, की मी गप्प बसलो.

पहिल्या दारावर कॅमेऱ्याची बेल. आतून फक्त आवाज आला, "नहीं चाहिए." आईला काहीतरी विकायला आलेली समजले! मी मागे जिन्यात उभा होतो. माझे कान तापले. म्हटलं, झालं, चला परत डोंबिवलीला. पण आई पुढच्या दाराकडे सरकली. तिथे तिच्याच वयाच्या बाईंनी दार उघडलं, इंदूरच्या. आईचं हिंदी म्हणजे "मेरेको थोडा विरजण मंगता." त्यांना विरजण कळेना. आईने वाटी दाखवली, बोटाने ढवळून दाखवलं. "अरे, जामन!" म्हणून त्या हसल्या आणि आईला आत घेऊन गेल्या. आई चाळीस मिनिटांनी परतली.

सोमवारी आम्ही बॅगा भरत होतो. बेल वाजली. त्याच बाई. "दही जमा क्या?"

आईने मला एवढंच विचारलं, "इथे भाडं किती रे?"

आम्ही अकरा महिन्यांचा करार केला, घर विकत घेतलं नाही. माझा तोच सल्ला आहे: आधी भाड्याने राहा, मग कर्ज काढा. आता आठ महिने झालेत. सगळं गोड आहे असं नाही. "नहीं चाहिए"वाले अजून लिफ्टमध्ये मोबाइलमध्येच बघतात. लेकीला खाली मैत्रिणी मिळायला दोन महिने लागले. पाडव्याला आई डोंबिवलीला गेली ती पंधरा दिवस आलीच नाही.

पण राहायला आल्याच्या पहिल्या रविवारी मी मजल्यावरच्या चारही बेल वाजवल्या, "नहीं चाहिए"सकट. हातात पेढे होते, पोटात गोळा होता. नावं विचारली, नंबर घेतले. आमची एक किल्ली इंदूरच्या काकूंकडे असते, त्यांची आमच्याकडे. रोज दुपारी दोनला त्या आईला हाक मारतात. आईने ओ दिली नाही, तर कुलूप उघडून आत यायचं, असं दोघींचं ठरलंय.

तो एजंट परवा पुन्हा भेटला. म्हणाला, "काय सर, बोललो होतो ना, नेबरहुड फ्रेंडली आहे!"

मी हसलो. तुम्हीही जागा बघायला जाल, तेव्हा चौरस फूट मोजाच. पण निघताना एक रिकामी वाटी बरोबर असू द्या.