कोपऱ्यातले तारे

रुवी, मस्कत
फाल्गुन वद्य पंचमी

चि. भाचीबाईस,

तुझा प्रश्न एका ओळीचा: "मामा, १४ घेऊ की २०?" उत्तराला मात्र दोन पानं लागणार. म्हणून निकाल आधीच सांगून टाकतो. २० मिमीची लेन्स घे, एफ १.८ वाली. पुढचं वाचलं नाहीस तरी चालेल, पण तू वाचशीलच आणि वर वादही घालशील.

१४ मिमीचा मोह मला कळतो. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर ती कर्णात ११४ अंश आकाश घेते, २० मिमी ९४ घेते. पण तुला एवढं आकाश हवंय कशाला? तू मे महिन्यात इथे येणार, वृश्चिक-धनूकडचा आकाशगंगेचा गाभा टिपायला. तो मस्कतहून जास्तीत जास्त ३७ अंश वर येतो, तुमच्या पुण्याहून साधारण ४२. २० मिमीची आडवी फ्रेम उभ्या दिशेने ६२ अंश घेते. तळाला डोंगराची कड ठेवलीस तरी गाभा आरामात मावतो, आणि मोठा दिसतो. १४ मिमीत तोच आक्रसतो आणि वर काळं आकाश रिकामं पडून राहतं. शिवाय रुंद लेन्स वर उचलली की कडेची झाडं आत झुकतात. मिस्फात अल अब्रियीन गावातल्या खजुरांचे असे वादळात सापडल्यासारखे फोटो मी खूप पाहिलेत.

आता प्रकाशाचा हिशेब. ताऱ्यासाठी एफचा नुसता आकडा पुरत नाही, लेन्सचं तोंड प्रत्यक्षात किती उघडं आहे ते पाहावं लागतं. फोकल लेन्थला त्या आकड्याने भाग. एफ २.८ ची १४ मिमी धरली, तर १४ ला २.८ ने भागलं की ५ मिमी. २० ला १.८ ने भागलं की ११ च्या थोडं वर. व्यास दुपटीहून जास्त, म्हणजे क्षेत्रफळ जवळजवळ पाचपट. २० मिमीला वेळ कमी मिळतो हे खरं, नाहीतर तारे रेघा ओढतात. ५०० ला फोकल लेन्थने भागण्याचा जुना नियम २५ सेकंद देतो, पण आजच्या दाट सेन्सरवर मी त्याच्या निम्म्यावर थांबतो, साधारण १२. त्याच हिशेबाने १४ मिमीला १७-१८ मिळतील. तरीही प्रत्येक ताऱ्यामागे २० मिमीचा प्रकाश तिपटीहून अधिक भरतो. एफ १.४ ची १४ मिमी लेन्सही आहे, सिग्माने २०२३ मध्ये खास ताऱ्यांसाठी काढलेली. वजन किलोच्या वर आणि किंमत ऐकून ताई मलाच फोन करील.

आणि वाळू! बहुतेक १४ मिमी लेन्सची पुढची काच फुगीर, बाहेर आलेली असते. तिच्यावर साधा फिल्टर चढत नाही. वहिबाच्या वाळवंटात रात्री वारा सुटला की ती काच उघडी ठेवून उभं राहायला माझी छाती होत नाही. २० मिमीवर फिल्टर आटे फिरवून बसतो, आणि वाळू लागली तर फिल्टरला लागते.

आता खरं काम, लेन्स पारखायचं. एकाच कंपनीच्या एकाच मॉडेलच्या दोन लेन्स सारख्या निघतील याचा भरवसा नाही. म्हणून दुकानदाराशी बदलून देण्याचं आधी बोलून घे, आणि आणल्या दिवशीच गच्चीवर चढ. अंधारं रान लागत नाही. या आठवड्यात चंद्र उशिरा उगवतोय आणि संध्याकाळी व्याध चांगला वर आहे, तेवढं पुरे. ट्रायपॉड घट्ट रोव, स्थिरीकरण बंद कर, फोटो रॉमध्ये घे. फोकस हाताने: स्क्रीनवर व्याध मोठा करून पाहा आणि तो बारीकात बारीक होईल तिथे थांब. रिंगवर अनंताची खूण असली तर तिच्यावर विसंबू नकोस, थंडी-उन्हाने फोकस जरा सरकतोच.

मग अॅपर्चर पूर्ण उघडून व्याध आधी मधोमध घे. मधोमध बहुतेक लेन्स शहाण्यासारखी वागते. नंतर फोकसला हात न लावता त्याला एकेका कोपऱ्यात ने. तिथे ताऱ्याला पाकोळीसारखे पंख फुटले तर तो कोमा. थोडे पंख सगळ्यांनाच फुटतात. एफ २ ला, मग २.८ ला ते किती मिटतात ते बघ आणि लिहून ठेव. २.८ ला आणल्याशिवाय मिटणारच नसतील तर १.८ चे पैसे कशाला दिलेस? चारही कोपरे सारखेच वाईट असले तर तो त्या लेन्सचा स्वभाव. तीन बरे आणि एकच विसकटलेला असेल तर आतलं एखादं भिंग सरकलेलं आहे; मुकाट्याने परत कर. शेवटी पश्चिमेकडच्या कृत्तिका एका कोपऱ्यात घे. तो पुंजका चिकटून एक डाग झाला की लेन्सची लबाडी उघडी पडते. ढग असतील तर लांबचे रस्त्यावरचे दिवेही चालतात. मी मत्राच्या बंदराकडच्या दिव्यांवर पारखतो.

कोपऱ्यांचा एवढा हट्ट का, तर इथलं आकाश कडेवर बघायचं असतं. ओमानच्या कित्येक गावांत फलजचं, म्हणजे पाटाचं पाणी, रात्री ताऱ्यांवर वाटून घेत. अमुक तारा डोंगराआडून वर आला की याची पाळी संपली, त्याची सुरू. अर्ध्या तासाच्या पाळीला अथर म्हणतात. युनेस्कोने २००६ मध्ये असे पाच फलज जागतिक वारशात घेतले, त्यातला एक निझवाजवळ बिरकत अल मौझला आहे, जबल शम्सला जाताना थांबू. डोंगरकडेचे हेच तारे तुझ्या फ्रेमच्या तळाशी, कोपऱ्यांजवळ येणार. तेच पसरट आले तर फोटोत ओमान ते काय राहिलं?

मे महिन्यात मस्कतमध्ये अंगाची लाही होते, पण जबल शम्सच्या २००० मीटरच्या पठारावर रात्री स्वेटर लागतो. गाभा महिनाअखेरीस दीडच्या सुमाराला सगळ्यात वर असतो, म्हणून जेवून थोडं झोपायचं. पुण्यात जूनमध्ये पाऊस येतो आणि आकाशगंगेचे ऐन महिने तुमच्या हातचे जातात, तेव्हा तारीख पुढे ढकलू नकोस. अमावास्येच्या जवळचा गुरुवार धरून तिकीट काढ; इथे सुट्टी शुक्रवार-शनिवारची. वहिबालाही जायचं असेल तर लेन्सभोवती गुंडाळायचा गरम पट्टा आण. समुद्राकडून दमट वारा आला की पहाटे काचेवर दव धरतं.

कोपऱ्यांचे फोटो आधी मला पाठव, तेही न कापता. ताईला सांग, या वेळी मेतकूट विसरायचं नाही.

तुझा,
मामा