आधी सांगू नका

आमच्या बेळगावात कुठलीही करमणूक मूळ ठिकाणाहून निघून आमच्यापर्यंत येईतो थोडी शिळी झालेली असायची आणि त्याचं कुणाला फारसं काही वाटत नसे. सत्तरच्या दशकात पुण्याच्या मामेबहिणीची मुलं मे महिन्यात आमच्याकडे यायची आणि अंगणातल्या कॉटवर उभी राहून टीव्हीवरच्या चिमणराव-गुंड्याभाऊंच्या नकला करून दाखवायची. मुंबई दूरदर्शन पुण्याला दिसत होतं. आमच्या गावात टीव्ही ही वस्तूच नव्हती. आम्ही नकलांनाच पोट धरून हसायचो. पुढे १९८५ साली आमच्या घरी टीव्ही आला, तेव्हा माझा धाकटा दीर रविवारी सकाळी आंघोळ न करता 'स्टार ट्रेक' बघत बसायचा. अमेरिकेत सध्या हेच चाललंय, अशी त्याची समजूत. नोकरीनिमित्त इंग्लंडला गेल्यावर त्याला कळलं, की ती मालिका १९६६ साली सुरू होऊन १९६९ साली बंदही पडली होती. "वहिनी, आपण मेलेल्या ताऱ्याचा उजेड बघत होतो," असं त्याने पत्रात लिहिलं होतं.

उशीर खुपत नाही, उशीर झाल्याचं कळलं की खुपतो. हे मला नीट समजलं ते २०१२-१३च्या हिवाळ्यात, न्यू जर्सीत, लेकीच्या बाळंतपणाला गेले होते तेव्हा.

लेक तेव्हा 'डाउनटन अॅबी' या इंग्रजी मालिकेच्या पुरती आहारी गेली होती. ज्युलियन फेलोज यांनी लिहिलेली ही मालिका. एका उमरावाचा वाडा, वर मालक मंडळी, खाली तळघरात नोकरचाकर, आणि १९१२ साली टायटॅनिक बुडाल्याच्या बातमीपासून सुरू झालेली गोष्ट. आपल्याकडच्या वाड्यांत वाढलेल्या बाईला त्यात परकं असं काही वाटत नाही. म्हातारी सासू तर अशी, की आमच्या गल्लीत निदान तीन घरांत सापडेल.

घोळ असा होता, की इंग्लंडमध्ये ही मालिका आयटीव्हीवर सप्टेंबरात सुरू व्हायची आणि अमेरिकेत पीबीएसवर जानेवारीत. तिसरं पर्व तिकडे १६ सप्टेंबर २०१२ला लागलं, इकडे ६ जानेवारी २०१३ला. कारण होतं, नाही असं नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात अमेरिकेतल्या मोठ्या वाहिन्या आपापल्या नव्या मालिका घेऊन उतरतात, रविवारी त्यांचं ते फुटबॉल असतं. त्या गर्दीत लोकांच्या देणग्यांवर चालणाऱ्या वाहिनीने कशाला शिरावं? पहिली दोन पर्वं जानेवारीत लावून लोकांनी डोक्यावर घेतली होती, मग चालत्या गाड्याला खीळ कोण घालणार! शिवाय तिकडचे भाग जाहिरातींच्या हिशेबाने कापलेले, ते इकडे वेगळे जोडायचे. सुरुवातीचे दोन भाग अमेरिकेत एकाच रात्री एकत्र दाखवले.

व्यवहार म्हणून सगळं बरोबर. पण प्रेक्षकांनी हे साडेतीन महिने काढायचे कसे? भाषा तीच, इंटरनेट तेच, फोन फुकट. इंग्लंडात रविवारी रात्री नऊला कोण रडलं ते सोमवारी न्यू जर्सीतल्या कचेरीत चहाच्या वेळेला कळायचं. लेक कानात बोटं घालून फिरायची. इंग्लंडच्या काकूला, म्हणजे माझ्या धाकट्या जावेला, तिने ताकीद देऊन ठेवली होती : "काकू, हवापाण्याबद्दल बोल, भाज्यांबद्दल बोल, डाउनटनचं नाव काढायचं नाही." तबकड्या पाठवून देते म्हणाली जाऊ, तर तिकडच्या तबकड्या अमेरिकेतल्या यंत्रात चालत नाहीत. एकाच गोष्टीचे दोन प्रदेश पाडून मध्ये कुंपण घातलेलं. आपल्याला कुंपणांची सवय आहे. लेकीला नव्हती, ती चिडायची.

आता मुख्य गोष्टीकडे येते. १५ ऑक्टोबर २०१२, सोमवार, सर्वपित्री अमावास्या. गच्चीवर पान ठेवून मी कावळ्याची वाट बघत उभी होते आणि जावेचा फोन आला. लेकीशी बोलायची बंदी, म्हणून बिचारीने सगळी वाफ माझ्यापाशी काढली. काल रात्री सिबिल गेली म्हणाली. सिबिल म्हणजे त्या उमरावाची धाकटी, सगळ्यांची लाडकी मुलगी. बाळंत झाली, मुलगी झाली, सगळे हसतखेळत झोपायला गेले आणि रात्री तिला झटके आले. गावच्या डॉक्टरने आधीच सांगितलं होतं, पाय सुजलेत, बोलणं भरकटतंय, हिला इस्पितळात हलवा, पोट फाडून मूल काढा. पण लंडनहून बोलावलेला मोठ्या पदवीचा डॉक्टर म्हणाला, काही नाही, आणि बापाने मोठ्याचं ऐकलं. १९२० सालची गोष्ट.

"वहिनी, रात्रभर डोळ्याला डोळा नाही बघा," जाऊ म्हणाली, आणि मग एकदम गप्प झाली. तिच्या लक्षात आलं असावं. लेकीला तेव्हा पाचवा महिना होता. "वहिनी, ते सिरियलमधलं हो... तिला मात्र सांगू नका."

मी हो म्हटलं आणि फोन ठेवला. कावळा पान शिवून गेला होता, ते मला दिसलंच नाही.

माझी धाकटी मावशी १९६१च्या पावसाळ्यात गेली. मी नऊ वर्षांची होते. खानापुराच्या पलीकडे जंगलातलं सासर. पहिलटकरीण, तिला आषाढ लागायच्या आत माहेरी आणायचं ठरलं होतं, पण त्या वर्षी पावसाने आधीच वाट धरली, ओढे भरले, बस बंद. तिला दिवस पुरे व्हायच्या आधीच झटके आले. दोन्ही जीव गेले. सांगणारं कार्ड आमच्या घरी आठव्या दिवशी आलं. ते आठ दिवस आजी ओसरीवर बसून कुंची शिवत होती. हिरव्या खणाची, लाल काठाची. मधूनच मला जवळ बोलावून माझ्या डोक्याला लावून बघायची आणि म्हणायची, "तुझं डोकं मोठं गं, बाळाला ही बरोबर बसेल." कार्ड वाचणाऱ्या आजोबांचा चेहरा मला आठवत नाही. कुंची आठवते. ती पुढे कुणाला घातली का नाही, ठाऊक नाही.

आमच्या घरात मावशीचा विषय निघत नसे. घरात पोटुशी बाई असताना तसलं बोलायचं नाही, असा नियम. आणि मोठ्या घरात कुणी ना कुणी पोटुशी असतेच. असं करत एक्कावन्न वर्षं गेली. लेकीला तर अशी कुणी मावशी-आजी होती, हेही माहीत नव्हतं.

शेजारच्या कन्नड अक्कांना तेवढं मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, "हेदरब्याड्री" म्हणाल्या, आणि निघताना डबाभर अंटिन उंडी बांधून दिल्या. डिंकाचे माझे लाडू होतेच. पण त्यांच्या उंडीत गूळ असतो आणि हात सढळ असतो. विमानतळावरच्या माणसाने डबा उघडून वास घेतला आणि काही न बोलता परत दिला.

डिसेंबरात पोचले. घराभोवतीची झाडं ऑक्टोबरअखेरच्या सँडी वादळात आडवी झाली होती. लेकीने आठवडाभर विजेशिवाय काढला होता आणि आम्हाला फोनवर "ठीक आहे गं" एवढंच सांगितलं होतं. डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब जरा वरच्या अंगाला आहे म्हणून दर आठवड्याला बोलावलं होतं. घरीही मोजायचं यंत्र होतं. वरचा आकडा १३८ आला, की माझ्या पोटात गोळा. तिने एकदा सहज वाचून दाखवलं होतं, काय झालं तर लगेच यायचं : डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले, चेहरा-हात सुजले, बरगड्यांखाली दुखलं. मला ती यादी तोंडपाठ झाली. रोज रात्री तेल लावायच्या निमित्ताने मी तिची पावलं हातात घ्यायचे आणि अंगठ्याने घोट्यावर दाबून खड्डा पडतो का बघायचे. "आई, तेल लावतेस की आंबा पिकलाय का बघतेस?" ती म्हणायची.

आणि रविवार एकेक करून जवळ येत होते. ६ तारखेला तिने सोफ्यावर उशा रचून घेतल्या, खाली अक्षरं उमटतील अशी सोय माझ्यासाठी केली, आणि मीही बघायला लागले. खोटं कशाला सांगू, गुंतले. सिबिल मोठी गोड पोर. नर्सिंग शिकलेली, ड्रायव्हरशी लग्न करून बापाचा राग ओढवून घेतलेली. ती हसली की मला धसका बसायचा. पुढचं माहीत असलेल्या माणसाला गोष्ट बघता येत नाही, त्याला नुसतं मोजता येतं. १३ तारीख झाली, २० झाली. मधे संक्रांतीचा तिळगूळ वाटला. मी हिशेब केला होता : तो भाग २७ला.

२७ तारखेला संध्याकाळी मी जावयांना स्वयंपाकघरात गाठलं. म्हटलं, "आज टीव्हीची वायर काढून ठेवता का?"

ते माझ्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "आई, तुम्हाला माहीत आहे?"

"ऑक्टोबरपासून."

"मलाही." कचेरीत कुणीतरी बोललं होतं. तीन महिने हा माणूसही तोंड दाबून बसला होता. आम्ही दोघं वायरीचं काय करायचं यावर कुजबुजायला लागलो, तेवढ्यात बाहेरून आवाज आला :

"कटकारस्थानं बंद करा. सिबिल मरते. मला माहीत आहे."

वादळानंतर न्यू जर्सीत पेट्रोल गाडीच्या नंबराप्रमाणे, सम-विषम तारखांना मिळत होतं. त्या रांगेत दोन तास बसून कंटाळली, फोन उघडला, आणि बातम्यांच्या मध्येच ते वाक्य समोर आलं. सहाव्या महिन्यात, रांगेत, एकटी. गाडी पुढे न्यायचं विसरली आणि मागच्यांनी भोंगे वाजवले म्हणे.

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुला सांगितलं असतं तर तू तिकडे देव पाण्यात घालून बसली असतीस."

"मग आज बघू नकोस ना."

"बघणार. त्या गावच्या डॉक्टरचं कुणी का ऐकलं नाही, ते मला बघायचंय."

तिघंही शेजारी बसून बघितलं. दृश्य फार काही लांब नाही. ती धडपडते, श्वास कोंडतो, खोलीत सगळे उभे आहेत आणि कुणाला काही करता येत नाही. आईला तिचं तोंड धरून बसण्यापलीकडे काही उरत नाही. लेक रडली नाही. मी रडले, आणि ज्या विषयाला एक्कावन्न वर्षं झाकण होतं तो विषय त्या सोफ्यावर, पोटुशी बाई शेजारी असताना, निघाला. कुंचीचंही सांगितलं.

तिने नाव विचारलं. मावशीचं नाव घरात इतक्या वर्षांत मी मोठ्याने उच्चारलं नव्हतं. मग म्हणाली, "कार्ड किती दिवसांनी आलं?"

"आठ."

"आणि आजी शिवतच होती?"

"हो."

बराच वेळ ती काही बोलली नाही. मग पाय माझ्या मांडीवर ठेवले. "बघ. दाब. उद्यापासून उघड उघड बघत जा." दाबून पाहिलं. खड्डा नव्हता. यंत्रावर १३४.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात नात झाली. कळा अठरा तास चालल्या, रक्तदाब शेवटी शेवटी वर गेला, बायकांची धावपळ झाली, आणि मी बाहेर बसून काय काय म्हटलं ते इथे लिहीत नाही. दोघी सुखरूप. अक्कांच्या उंडी पाचव्या दिवशीच संपल्या. निम्म्या जावयांनी खाल्ल्या.

नात आता सातवीत आहे. एखाद्या मालिकेचा पुढचा भाग बघायला आठवडाभर थांबायचं, हेच तिला चमत्कारिक वाटतं, मग समुद्रापलीकडे साडेतीन महिने तर तिला सांगूच नये. २०१५ साली 'गेम ऑफ थ्रोन्स' एकाच वेळी कितीतरी देशांत दाखवायला लागले, आणि पुढच्या वर्षापासून आपल्याकडेही सोमवारी सकाळी साडेसहाला, अमेरिकेच्या रविवार रात्रीबरोबरच, ती मोबाइलवर दिसू लागली. चोरून उतरवून घेणाऱ्यांनी कंपन्यांना जो धडा दिला तो पत्रं लिहिणाऱ्यांना देता आला नसता, असं माझा दीर म्हणतो. असेल.

त्या वर्षीचा डाउनटनचा शेवटचा भाग इंग्लंडमध्ये नाताळच्या रात्रीच होऊन गेला होता. अमेरिकेत तो १७ फेब्रुवारीला लागला. आमच्या घरी त्या रात्री नऊ वाजता लेक बसल्याबसल्या झोपली होती, जावई दुपटी वाळत घालत होते आणि मी नातीला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालत होते. टीव्ही कुणी लावलाच नाही.

दुसऱ्या दिवशी जावेचा फोन आला. बाळाची चौकशी झाली, पाचवी-बारशाचं झालं. मग तिचा आवाज जरा खाली आला.

"वहिनी, काल रात्री शेवटचा भाग बघितलात?"

"नाही अजून," मी म्हटलं. "आणि हे बघ, मला आधी सांगू नकोस."