मध्येच गळालेल्यांचा हिशेब

गेल्या दिवाळीत आपल्या वसतिगृहाचा एक माजी विद्यार्थी आमच्या घरी आला. एम.बी.बी.एस. पूर्ण करून तो सध्या निवासी डॉक्टर म्हणून पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. त्याच्या गावी मोबाइलला रेंज नाही आणि रात्री आठ वाजता विभागाच्या ऑनलाइन जर्नल क्लबमध्ये त्याला एक शोधनिबंध मांडायचा होता. तो लॅपटॉप उघडून बसला. आम्ही शेजारी बसून ऐकत राहिलो.

जर्नल क्लबची प्रथा जुनी आहे. विल्यम ऑस्लर यांनी १८७५ साली मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात असे मंडळ सुरू केले. जी नियतकालिके एकट्याला परवडत नाहीत ती सर्वांनी मिळून घ्यावीत आणि वाचावीत, हा त्यामागील हेतू. आता निवासी डॉक्टर निबंध मांडतो आणि इतर त्याची चिकित्सा करतात. कोरोनाकाळात एका खोलीत जमणे अशक्य झाले, तेव्हा अनेक ठिकाणी ही बैठक पडद्यावर आली.

त्याने औषधाच्या यशाची टक्केवारी सांगताच प्राध्यापकांनी विचारले, "औषध किती जणांना सुरू केले होते? अखेरीस किती जण मोजले? मधले कुठे गेले?"

मध्येच उपचार सोडणाऱ्यांत गुण न आलेले व त्रास झालेले रुग्ण असू शकतात. त्यांना वगळले तर औषध आहे त्याहून गुणकारी दिसते. म्हणूनच १९९६ च्या 'कन्सॉर्ट' नियमावलीने चाचणीत आलेल्या आणि गळालेल्या रुग्णांचा हिशेब आकृतीत दाखविण्यास सांगितले.

"सर, ती आकृती मी नीट पाहिली नाही," त्याने सर्वांसमोर कबूल केले. कोणी हसले नाही. निबंध पुन्हा उघडून सर्वांनी ती आकृती मिळून वाचली.

आम्ही मात्र अस्वस्थ झालो. इतिहासाचे एम.ए. असल्याने साधनांची चिकित्सा आम्ही आयुष्यभर शिकविली. पण शाळेचा वार्षिक अहवाल लिहिताना दहावीला बसलेल्यांचीच टक्केवारी मांडत आलो. सातवी-आठवीत ऊसतोडीला, वीटभट्टीवर गेलेली मुले आणि लग्न लावून दिलेल्या मुली त्या आकड्यात कधी आल्याच नाहीत.

जेवताना त्याने सहज विचारले, "सर, माझ्या बाकावर बसायचा तो हल्ली कुठे असतो?" आम्हाला सांगता आले नाही.

सुट्टी संपताच आम्ही जुने जनरल रजिस्टर काढले. पाचवीत दाखल झालेल्यांपैकी दहावीपर्यंत न पोहोचलेल्यांची नावे, वर्षवार, वहीत उतरवीत आहोत. निकालाचा तक्ता या स्मरणिकेत आहेच. ती वही अद्याप अपुरी आहे. माजी विद्यार्थ्यांना आमची नम्र विनंती आहे : आपल्या बाकावरचा जो सोबती मध्येच गेला, त्याचा ठावठिकाणा ठाऊक असल्यास शाळेस अवश्य कळवावा.